‘मिस्टर इंडिया’चा उत्तरार्ध

लोकांच्या आवडत्या कृतीचा पुढील भाग निघणार, अशी वार्ता कानी आली म्हणजे रसिकाच्या मनात दोन भावना एकदमच उठतात. पुष्कळ दिवसांनी एखादा स्नेही भेटावयास येणार असला म्हणजे होतो तसा आनंद, ही पहिली. आणि तो स्नेही आता पूर्वीचा राहिला असेल की नाही, ही धास्ती दुसरी. २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘मिस्टर इंडिया’ ह्या हिंदी बोलपटाच्या बाबतीत ह्या दोन्ही भावना प्रेक्षकवर्ग गेली कित्येक वर्षे उराशी बाळगून आहे. निर्माते बोनी कपूर यांनी उत्तरार्धाचा मनोदय वेळोवेळी बोलून दाखविला. फेब्रुवारी २०२० मध्ये दिग्दर्शक अली अब्बास जफर यांनी झी स्टुडिओजच्या साह्याने एक सोडून तीन भागांची मालिका काढण्याचे जाहीर केले. त्यावर मूळ बोलपटाचे दिग्दर्शक शेखर कपूर यांनी, आपणांस कोणी विचारलेदेखील नाही, अशी उघड तक्रार केली. मूळ पटकथाकारांपैकी जावेद अख्तर यांनी, कथा आणि संवाद दिग्दर्शकाचे नव्हतेच, असे त्यांस उलट सुनावले. आणि कृती कोणाच्या मालकीची हा वाद काही दिवस चांगलाच रंगला. ती मालिका पडद्यावर आली नाही. आशा मात्र मावळलेली नाही. वर्षा-दोन वर्षांनी कोठून तरी तिला नवी पालवी फुटते.

कृती कोणाची, हा प्रश्न कायदेपंडितांचा. उत्तरार्ध कशासाठी, हा प्रश्न टीकाकाराचा. प्रस्तुत लेखात ह्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार कर्तव्य आहे.

मराठी मासिकाच्या पानांवर हिंदी बोलपटाची एवढी उठाठेव कशास, असे कोणी विचारील. नागपूरकरास हा प्रश्न फारसा पडावयाचा नाही. १९५६ सालापर्यंत हे शहर हिंदी व मराठी अशा द्वैभाषिक प्रांताची राजधानी होते. पहिले विश्व हिंदी संमेलन १९७५ साली भरले ते येथेच. घरात मराठी आणि बाजारात हिंदी हा येथील नित्यक्रम आहे. त्यामुळे मुंबईत निर्माण झालेला, मुंबईच्याच समुद्रकाठी घडणारा, आणि वामन भोसले यांच्यासारखा संकलक व लक्ष्मीकांत कुडाळकर यांच्यासारखा संगीतकार ज्यास लाभला असा हा बोलपट येथील मराठी कुटुंबांनी कधी परका मानला नाही. ज्या मुलांनी तो प्रथम पाहिला ती आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि आपल्या मुलांना तो दाखवीत आहेत. दोन पिढ्यांनी मिळून ज्याची वाट पाहावी अशा गोष्टी आज थोड्या उरल्या आहेत. म्हणून हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

नव्या वाचकांसाठी कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अरुण वर्मा हा तरुण समुद्रकाठच्या एका जुनाट घरात बऱ्याच अनाथ मुलांना घेऊन राहतो. भाडे थकलेले, वाणी उधार देईनासा झालेला, आणि ‘कॅलेंडर’ नावाचा स्वयंपाकी रिकाम्या डब्यांशी झुंजत असलेला, अशी त्या घराची स्थिती. उत्पन्नास हातभार म्हणून एक खोली भाड्याने दिली जाते आणि तेथे सीमा नावाची, वृत्तपत्रात काम करणारी तरुणी राहावयास येते. तिला मुलांचे वावडे. तिकडे एका बेटावर मोगँबो नावाचा नराधम हिंदुस्थान गिळंकृत करण्याचे मनसुबे रचीत आहे. धान्यातील भेसळीपासून बाँबस्फोटांपर्यंत सारी पापे त्याच्या हस्तकांकरवी चालली आहेत, आणि ह्या हस्तकांना ते समुद्रकाठचे घरही हवे आहे. अरुणच्या शास्त्रज्ञ पित्याने माणसास अदृश्य करणारे, मनगटावर बांधावयाचे एक यंत्र शोधून ठेवलेले असते. पित्याचे स्नेही प्रोफेसर सिन्हा यांच्यामुळे ते अरुणच्या हाती येते आणि ‘मिस्टर इंडिया’चा अवतार होतो. यंत्रास मर्यादा एकच: तांबड्या प्रकाशात अदृश्य माणूस दिसू लागतो. पुढे एका बाँबस्फोटात मुलांपैकी टीना ही लहानगी बळी पडते. आणि अखेरीस मोगँबोची क्षेपणास्त्रे जागच्या जागी फुटून त्याचे बेट भस्मसात होते.

ह्यास विज्ञानकथा म्हणावे काय, हा पहिला आक्षेप. मराठीत ह्या बाबतीत कडक कसोटी लावण्याची परंपरा आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, तेव्हापासून विज्ञानकथेत विज्ञान खरे असले पाहिजे हा आग्रह आपल्याकडे रुजला. आणि ते स्वतः २०२१ साली नाशिकच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्या साहित्यप्रकारास घरचा मानही मिळाला. ह्या कसोटीस ‘मिस्टर इंडिया’ सहसा उतरावयाचा नाही. वस्तू दिसते ती तिच्यावर पडलेला प्रकाश परत फिरून आपल्या डोळ्यांत शिरतो म्हणून. सारा प्रकाश शरीरातून आरपार गेला तर शरीर दिसणार नाही हे खरे. पण मग डोळ्यातील पडद्यावरही तो थांबणार नाही, आणि अदृश्य मनुष्य ठार आंधळा होईल. अरुण वर्मा तर मोठा नेमबाज!

तथापि एका बाबतीत लेखकांची कल्पना त्यांच्या नकळत शास्त्राच्या जवळ गेलेली आहे. २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी तांब्याच्या सूक्ष्म आकृत्या असलेली वलये रचून, त्यांच्या आत ठेवलेली वस्तू सूक्ष्मतरंगांपासून बऱ्याच अंशी लपवून दाखविली. तरंग त्या वलयांतून वळसा घालून पलीकडे जात. परंतु ही लपवणूक एका ठराविक कंपनसंख्येपुरतीच साधे. तरंग बदलले की वस्तूचा पत्ता लागे. म्हणजे ‘अमुक प्रकाशात लपेल, तमुक प्रकाशात उघडे पडेल’ हा तांबड्या दिव्याचा नियम दिसतो तितका बाळबोध नाही. आमच्या मते विज्ञानकथेचे खरे लक्षणही हेच आहे. जादूस मर्यादा नसते, यंत्रास असते. आणि ती मर्यादा कथेच्या मर्मस्थानी बसली असली म्हणजे कथा परीच्या राज्यातून निघून माणसांच्या राज्यात येते.

अदृश्य होण्याची हौस पुरातन आहे. कालिदासाची उर्वशी तिरस्करिणी विद्येच्या आडून राजाचे बोलणे ऐकते. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने गायजीसच्या अंगठीची गोष्ट सांगून एक अवघड प्रश्न घातला: आपणांस कोणी पाहणार नाही अशी खात्री झाली, तर सज्जन मनुष्य सज्जन राहील काय? इंग्रज कादंबरीकार वेल्स याने १८९७ साली ह्या प्रश्नास आपले उत्तर दिले. त्याचा अदृश्य शास्त्रज्ञ थंडीने कुडकुडतो, लोकांना भितो, आणि शेवटी खुनी होतो. आपल्याकडे १९५७ साली ‘मिस्टर एक्स’ ह्या बोलपटात अशोककुमार अदृश्य झाले होते. तीस वर्षांनी ‘मिस्टर इंडिया’त प्रोफेसर सिन्हांच्या भूमिकेत तेच अदृश्यतेची गुरुकिल्ली नव्या नायकाच्या हाती देतात. ही परंपरेची पोच फार गोड आहे.

आता मुख्य गुणाकडे वळू. वेल्सचा शास्त्रज्ञ अदृश्य झाल्यामुळे समाजापासून तुटतो. अरुण वर्माचे तसे नाही. तो यंत्र बांधण्यापूर्वीच अदृश्य आहे. भाडे थकलेल्या भाडेकऱ्याकडे, उधारीवर जगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे, फाटक्या मुलांच्या रांगेकडे कोण पाहतो? सर्वांच्या दृष्टीस पडूनही कोणाच्या खिजगणतीत नसणे, हीच गरिबाची अदृश्यता. यंत्र तिला फक्त बळ देते. म्हणून मिस्टर इंडियाची जी कृत्ये लोकांच्या ध्यानात राहिली ती भुकेशी निगडित आहेत. धान्यात खडे मिसळणाऱ्या व्यापाऱ्यास तेच खडे गिळावयास लावण्याचा प्रसंग पाहून चित्रगृहात टाळ्या पडत, त्या टाळ्या महिन्याचे धान्य घरी आणून निवडीत बसणाऱ्या कुटुंबांच्या होत्या. हवेत तरंगणाऱ्या मारुतीच्या मूर्तीने गुंडांस चोप द्यावा, ह्यात विनोद आहे. तसेच दुबळ्याचा कैवारी अवचित धावून येतो, ह्या जुन्या लोकश्रद्धेचा आधारही आहे. नाव मात्र ‘मिस्टर इंडिया’. ज्यास कोणी पाहत नाही तोच देश, हा त्या नावाचा अर्थ. आणि तो पटकथाकारांनी उपदेशाचा एक शब्दही न काढता प्रेक्षकांच्या गळी उतरविला. सलीम आणि जावेद ह्या जोडीच्या नावावरील हा अखेरचा बोलपट. दोघे विभक्त झाल्यावर पाच वर्षांनी तो पडद्यावर आला. त्यांच्या पूर्वीच्या संतप्त नायकांहून हा नायक निराळा आहे. त्याचा संताप स्वतःच्या अपमानातून निघत नाही, ताटातील खड्यातून निघतो.

दुसरा गुण साधनांच्या दारिद्र्यातून निर्माण झालेला आहे. त्या काळी गणकयंत्राने चित्रे रचण्याची सोय येथे नव्हती. पीटर परेरा यांच्यासारख्या कसबी माणसाने कॅमेऱ्याच्या युक्त्यांवर वेळ मारून नेली. पेला आपोआप उचलला जातो, खुर्ची सरकते, गुंड रिकाम्या हवेतून ठोसा खाऊन कोलमडतो. बाकीचे काम प्रेक्षकाने आपल्या कल्पनेने करावयाचे आणि सहनटांनी आपल्या अभिनयाने. ह्या दृष्टीने श्रीदेवी यांची कामगिरी असामान्य म्हटली पाहिजे. निळ्या साडीतल्या त्या प्रसिद्ध गीतात प्रियकर बहुतांशी दिसतच नाही; आहे ती एकटी नटी आणि तिच्यासमोरची पोकळी. त्या पोकळीत कोणी आहे, हे आपणांस पटते ते केवळ तिच्या मुद्रेमुळे. जे दिसत नाही ते दाखविणे हे अभिनयाचे परमावधीचे कार्य होय, आणि ते येथे साधले आहे.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत, कारण आठवणींच्या गोडीत ते विरघळून जातात. बोलपट सुमारे तीन तासांचा असून त्याचा मधला भाग रेंगाळतो. विडंबनगीते आणि चॅप्लिनच्या नकलेचे प्रसंग नटीच्या कौशल्यामुळे निभावून जातात, कथेच्या गरजेने आलेले नाहीत. ‘हवा हवाई’ ह्या नृत्यात मागील नर्तकांची तोंडे काळी रंगवून हसे पिकविण्याचा जो प्रकार आहे, तो आजच्या सुजाण पालकांस मुलांबरोबर पाहताना खटकावा आणि खटकतो. परंतु सर्वांत मोठा दोष कथेच्या शेवटी आहे. आरंभी प्रश्न वाण्याच्या दुकानातला होता. शेवटी तो क्षेपणास्त्रांचा होऊन बसतो. भेसळ करणारा, साठेबाजी करणारा, भाड्यासाठी तगादा लावणारा, हे सारे आपल्या गल्लीतले लोक. पण सर्व दुष्टतेचे खापर सोनेरी झुलीच्या, पिंगट केसांच्या, दूरच्या बेटावर बसलेल्या एका खलपुरुषाच्या माथी फोडून लेखक मोकळे झाले. अमरीश पुरी यांनी तो खलपुरुष इतक्या ऐटीत उभा केला की त्याच्या प्रसन्न होण्याची लकब मुलांच्या तोंडी बसली आणि प्रश्न बाजूस राहिला. बेट जळाले, दुसऱ्या दिवशी तांदळाचा भाव उतरला काय? त्या मुलांस वाण्याने उधार दिले काय? बोलपट हे सांगत नाही. आम्ही प्रेक्षकांनीही ते कधी विचारले नाही.

उत्तरार्धाची मागणी करणाऱ्यांच्या मनात नेमके काय आहे, हे येथे तपासले पाहिजे. १९८७ हे साल आपल्या घरगुती जीवनात मोठे विलक्षण होते. २५ जानेवारी रोजी दूरदर्शनवर रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संच असे त्याच्याकडे आळी लोटे. ध्वनिचित्रफिती भाड्याने आणून एका रात्रीत दोन-तीन बोलपट पाहण्याची चैन ह्याच सुमारास मध्यमवर्गास परवडू लागली. चार घरांतील माणसे एका खोलीत दाटीवाटीने बसत. मिस्टर इंडियाची आठवण म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत त्या दाटीवाटीची आठवण आहे. शेजारी कोण बसले होते, हसताना कोणाचा ठसका लागला, टीना मेली तेव्हा कोणी पदराने डोळे पुसले, हे त्या आठवणीचे खरे द्रव्य. आता घरात माणशी एक पडदा झाला आहे. ती खोली परत मिळावी अशी ज्यांची इच्छा आहे ते उत्तरार्ध मागतात. परंतु खोली परत आणून देणे कोणत्याही दिग्दर्शकाच्या हातचे नाही. तेव्हा ज्या इच्छेची पूर्ती अशक्य आहे तिच्या जोरावर निर्मात्याने तिकिटे खपवावी आणि प्रेक्षकाने मागाहून कुरकुर करावी, हा व्यवहार दोन्हीकडून अप्रामाणिक होय.

मग उत्तरार्ध काढूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. ‘उत्तर’ ह्या शब्दास आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत: जे मागाहून येते ते, आणि प्रश्नाचे समाधान करते ते. उत्तम उत्तरार्धात हे दोन्ही अर्थ एकवटलेले असतात. ह्याचा सर्वांत थोर दाखला वैदर्भीयांना दूर शोधावयास नको. भवभूतीचे गाव पद्मपूर हे विदर्भातले, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या नागपूरच्या व्यासंगी विद्वानाने ते आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे ठरविले आहे. ह्या कवीने प्रथम ‘महावीरचरित’ लिहून रामास राज्याभिषेकापर्यंत आणून पोहोचविले. तेथे कथा सुखाने संपली होती. नंतर त्याने ‘उत्तररामचरित’ लिहिले. त्यात रामाचा आणखी पराक्रम नाही, आणखी मोठा रावणही नाही. पहिल्या कथेने जो प्रश्न मिटल्यासारखा दाखविला होता तोच पुन्हा उघडला आहे. अग्निदिव्यानंतर सीतेचे काय झाले? लोकापवादापुढे नमणाऱ्या राजाच्या हृदयाचे काय झाले?

त्या नाटकाच्या पहिल्या अंकात, आपल्याच पूर्वायुष्याची चित्रे राम व सीता यांस लक्ष्मण दाखवितो. जुने दिवस पाहून सीतेस पुन्हा त्या वनात जावेसे वाटते. आणि तिची ही गोड इच्छाच तिच्या त्यागाचे निमित्त होते. गतकाळाच्या ओढीत केवढा धोका असतो, हे ह्याहून मार्मिकपणे कोणी दाखविले असेल असे आम्हांस वाटत नाही. आणि तिसऱ्या अंकात तर सीता भागीरथीच्या प्रसादाने अदृश्य होऊन रामाजवळ उभी आहे. तो तिला पाहू शकत नाही. तिच्या स्पर्शाने मूर्च्छेतून सावध होतो. अदृश्यता हे शस्त्र म्हणून आपण पुष्कळदा पाहिले आहे. येथे ती वेदना झाली आहे. एकाच कवीने पूर्व लिहावे आणि मग त्याचे उत्तर लिहून पूर्वास अधिक खोल करावे, ही उत्तरार्धाची कसोटी होय.

अलीकडची उदाहरणे ह्या कसोटीस लावून पाहावी. राकेश रोशन यांच्या ‘कोई मिल गया’ (२००३) मध्ये मंदबुद्धी रोहितवर परग्रहावरील प्राणी माया करतो. दुबळ्यावर अवचित झालेली कृपा हा त्याचा गाभा. ‘क्रिश’ (२००६) व ‘क्रिश ३’ (२०१३) ह्या पुढील भागांत ती कृपा मुलाच्या रक्तात उतरून घराण्याचा वारसा बनली. पराक्रम वाढला, करुणा आटली. मराठीत महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) ह्या भुताटकीच्या बोलपटास वीस वर्षांनी ‘झपाटलेला २’ हा जोड मिळाला, तोही त्रिमिती चित्रणाचा साज चढवून. लक्ष्मीकांत बेर्डे मात्र २००४ सालीच निवर्तले होते. भय दाखविणारा बाहुला परत आला. त्या भयाने ज्याची तारांबळ उडालेली पाहून आपण हसत होतो, तो भाबडा माणूस परत येणे शक्य नव्हते. उलट परदेशातील ‘ब्लेड रनर’ (१९८२) हा विज्ञानपट प्रथम थंडपणे स्वीकारला गेला, पुढे त्याचे भक्त निर्माण झाले, आणि पस्तीस वर्षांनी, २०१७ साली, त्याचा उत्तरार्ध निघाला. त्यातील कृत्रिम मनुष्य बालपणीची एक आठवण आपली समजून कवटाळतो आणि ती दुसऱ्याचीच होती असे त्यास कळते. पूर्वार्धाने विचारले होते, माणूस कशाने माणूस ठरतो? उत्तरार्धाने तोच प्रश्न अधिक निर्दयपणे विचारला. तिकिटांच्या हिशोबात तोही फारसा तरला नाही. पण तो उत्तर होता, एवढे खरे.

मिस्टर इंडियाच्या पूर्वार्धात असे कोणते प्रश्न उघडे राहिले आहेत? एक आम्ही वर सांगितलाच. तो वाण्याच्या दुकानातला. दुसरा प्लेटोचा. अरुण वर्मास कोणी पाहू शकत नसताना त्याच्या मनात वावगे काही येतच नाही. तो इतका निर्मळ आहे की मोहाचा प्रसंगच त्याच्यावर गुदरत नाही. पहिल्या भागात हे शोभले. मुलांच्या कथेत नायकाने एवढे सरळ असावे. पण यंत्र पुढे कोठे गेले? मोगँबोशी अखेरची झटापट होते तेव्हा ते अरुणजवळ नसते. उघड्या देहाने, सर्वांस दिसणारा साधा माणूस म्हणून तो लढतो आणि जिंकतो. हा बोलपटाचा सर्वांत उदात्त विचार आहे, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. अदृश्यतेच्या बळावर बरेच काही साधते. शेवटचे काम मात्र दिसूनच करावे लागते.

हा विचार आजच्या काळात आणून ठेवला म्हणजे त्याची धार कळते. १९८७ साली सामान्य माणसाचे दुःख हे की त्याला कोणी पाहत नाही. आज नागपुरातदेखील चौकाचौकांत कॅमेरे बसले आहेत. खिशातील दूरध्वनी आपण कोठे गेलो, काय घेतले, काय वाचले याची टिपणे ठेवतो. मनगटावरचे घड्याळ वेळेबरोबर नाडीचे ठोके मोजून ते कोणा परक्याच्या वहीत भरते. अरुणचे घड्याळ माणसास लपवीत असे, आमचे घड्याळ आम्हांस उघडे पाडते. आणि जे पाहतात ते कोठे बसले आहेत, हे आपणांस दिसत नाही. म्हणजे यंत्र आज मोगँबोच्या मनगटावर आहे. इतकी टेहळणी असूनही भाडे थकलेला भाडेकरू पूर्वीइतकाच कोणाच्या खिजगणतीत नाही; त्याची टिपणे आहेत, दखल नाही. उत्तरार्धास ह्याहून सबळ विषय कोणता मिळावा? त्यात नायकास अदृश्य करण्याचे प्रयोजन उरणार नाही. अदृश्य झालेल्या सत्तेवर तांबडा प्रकाश पाडणे हेच त्याचे कार्य ठरेल. ज्या तांबड्या दिव्यास पूर्वार्धात नायक भीत असे, तोच उत्तरार्धात त्याचे शस्त्र व्हावा, ही उलटापालट कथेच्या पोटातूनच निघते. बाहेरून आणावी लागत नाही.

एका गोष्टीविषयी आमचा विरोध आम्ही आधीच नोंदवून ठेवतो. अमरीश पुरी २००५ साली गेले, श्रीदेवी २०१८ साली गेल्या, आणि कॅलेंडरची भूमिका अजरामर करणारे सतीश कौशिक २०२३ साली गेले. हल्ली गेलेल्या नटांची मुखे व आवाज यंत्राने पुन्हा घडविण्याची विद्या निघाली आहे, आणि तिचा मोह निर्मात्यांस पडल्यावाचून राहणार नाही. हा मोह आवरला पाहिजे. जिने पोकळीसमोर उभी राहून तेथे माणूस असल्याचे पटविले, तिच्या जागी आता पोकळीनेच तिचे सोंग आणावे, ही तिच्या कलेची थट्टा होईल. सीमा उत्तरार्धात नसेल तर तिचे नसणे कथेत जाणवू द्यावे. भवभूतीने अदृश्य सीतेच्या आधारावर एक सबंध अंक उभा केला. आजच्या लेखकांना उणीव दाखविण्याइतके धैर्य असावयास हरकत नाही.

कोणी म्हणेल, मुलांच्या करमणुकीच्या बोलपटावर एवढे ओझे लादणे बरे नव्हे. ह्यास आमचे उत्तर असे की मूळ कृतीने ते ओझे हसतखेळत वाहिले होते. तिने लहान मुलांच्या कथेत एका लहान मुलीचा मृत्यू दाखविला आणि बालप्रेक्षकांनी तो सोसला. भूक, भेसळ, भाडे यांविषयी ती बोलली आणि मुलांना ती समजली. मुलांना काय पेलवेल याविषयीचा आपला अंदाज त्या काळच्या लेखकांहून आज खाली आला आहे, एवढेच ह्या आक्षेपावरून सिद्ध होते.

तात्पर्य, उत्तरार्ध निघाला तर आम्ही तो पाहावयास जाऊ, आणि घरातील मुलांनाही बरोबर नेऊ. बेट किती मोठे केले आहे, क्षेपणास्त्रे चाराची चाळीस झाली काय, इकडे आमचे लक्ष राहणार नाही. पहिल्या अर्ध्या तासात ते समुद्रकाठचे घर दिसते की नाही, त्यातील डबे भरलेले आहेत की रिकामे, आणि गल्लीतला वाणी अजून खडे मिसळतो काय, हे आम्ही पाहू. त्याचा पत्ता लागला तर उरलेल्या कथेतील पुष्कळ दोष आम्ही आनंदाने पोटात घालू.